पडद्यावर सरळ चालणारी गाडी

फोन आला तेव्हा मी शिलाई मशीनवर बसलो होतो. पाय पायडलवर, सुई कापडात रुतलेली. माझी मंडळी शेवंता बीडच्या दवाखान्यात होती, छातीत कफ झालता. पोरगा दत्ता तिच्यापाशी बसला होता आणि त्यानं मला धुतलेली पातळं आणायला गावी पाठवलं होतं. पातळं पिशवीत भरली, बीडच्या बसला अजून अवकाश होता, म्हणून म्हटलं होणाऱ्या नातवंडाच्या कुंचीची एक बाजू तेवढी शिवून टाकावी, दाखवायला नेता येईल तिला. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस मी, शिवायला शिकलो ते गेल्या दिवाळीनंतर, आणि तिच्याकडूनच शिकलो. टीप अर्ध्यात होती तेव्हा फोन वाजला. “दादा, या तुमी,” दत्ता म्हणाला. मी म्हटलं, “निघालोच. पातळं घेतलीत.” तो मग म्हणाला, “पातळं ऱ्हाऊ द्या...”

मी ती बाजू तशीच सोडून उठलो. सुई वर करायचंसुद्धा सुचलं नाही.

पेपरच्या पुरवणीत लोक गेलेल्या माणसाबद्दल लिहितात तेव्हा ते माणूस किती मोठं होतं ते सांगतात. शेवंता मोठी नव्हती. नेकनूरपासून जवळच्या आमच्या गावात बायकांची ब्लाऊजं आणि पोरींची परकर-पोलकी शिवायची. मी चौथीत शाळा सोडलेला, मला सजवून लिहायला येत नाही. पण तिचं शेवटचं वर्ष माझ्या डोक्यातून जात नाही. पहिल्या नातवंडाची कुंची तिला स्वतःच्या हातानं शिवायची होती, आणि हाताला कंप होता. कॉम्प्युटरमधल्या एका गाडीनं तिला सांगितलं की तुझा हात बरा झालाय. ते खोटं होतं. आणि ते खोटं आमच्याच पोरानं, तिच्या भल्यासाठी, काढून टाकलं. त्यानं बरं केलं का वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही, आणि त्यालाही येत नाही. म्हणून लिहायला बसलो.

लग्न होऊन आली तेव्हाच तिला शिवण येत होती. मी उसाच्या हंगामात ट्रक घेऊन शेतातून कारखान्याकडं, कारखान्यातून शेताकडं, आणि हंगाम सरला की कांदा-कापूस जिथं मिळेल तिथं. घरी आलो की मशीनचा आवाज ऐकू यायचा आणि कळायचं, बाई ठीक आहे. तिचं तोंड चालूच असायचं. कापडाशी भांडायची, दोऱ्याला शिव्या द्यायची. मी दमून आलेलो, म्हणायचो, जरा बंद कर ते. तर म्हणायची, “तुमची गाडी बंद झाली म्हणून माजीबी करू का?” गाडीचा तिला राग होता असं नाही, पण जन्मात कधी ड्रायव्हरच्या जागेवर बसली नाही. माझ्या शेजारी बसून दोन-चारदा बीडला, एकदा कड्याच्या कारखान्यावर आलती, तेवढंच. आणि तेव्हाही सगळा रस्ता मला सांगत होती, हळू घ्या, वळण आलं. मी म्हणायचो, मला दिसत न्हाई का. ती म्हणायची, “दिसतंय, पण तुमी उशिरा वळवता.”

कंप सुरू झाला तो बशीतून कळला. चहा घेऊन यायची तेव्हा कप बशीवर वाजायचा. मला वाटलं, वय झालं. मग एका बाईच्या ब्लाऊजची बाही वाकडी निघाली, मग दुसरीच्या गळ्याला घड्या पडल्या. गावातल्या बाया भल्या, कुणी तोंडावर काही बोललं नाही, नुसत्या यायच्या थांबल्या. शेवंतानं एक दिवस मशीनवर जुनं लुगडं झाकलं आणि म्हणाली, “आता तिला झोपू द्या.” बीडच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. म्हणाला, कमी होईल, जाणार नाही. हात रिकामा ठेवू नका, काहीतरी करत राहा. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “काहीतरी म्हंजे काय करू? टाळ्या वाजवू?”

त्याच सुमारास दत्ताचा कॉम्प्युटर घरी आला. दत्ता पुण्यात नोकरीला आहे. लग्नाआधी त्याला गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचा नाद होता. नाद म्हणजे काय, तर टेबलाला आवळून बसवायचं स्टेरिंग, पायाखाली तीन पायडल, खरा गेर टाकायचा दांडा, सगळं. मी विचारलं होतं त्याला, बापानं जन्मभर स्टेरिंग धरलं ते सुटावं म्हणून तुला शिकवलं, आणि तू कावून, कशापायी, पगारातून स्टेरिंग घेतलंस? तो हसला नुसता. लग्न झालं, एका खोलीत दोघं, सामान मावेना. म्हणून जुना कॉम्प्युटर आणि ते स्टेरिंग गावी आणून ठेवलं. ठेवायचं कुठं? घरात टेबल एकच, शिलाई मशीनचं. मशीन खाली दुमडून आत घातली, वरच्या फळीवर पडदा ठेवला आणि फळीच्या कडेला स्टेरिंग आवळलं. खाली शिलाईचं पायडल आणि त्याच्या शेजारी गाडीची पायडलं. त्यानं एकदा खेळून दाखवलं आणि शेवंता म्हणाली, “सरक, मला बसू दे.”

पहिल्या दिवशी तिनं गाडी नुसती भिंतीवर घातली. पाय असा चालवायची जसं शिलाईचं पायडल, खालवर खालवर, आणि गाडी उचक्या देत जायची. दत्ता म्हणाला, “माय, दाबून धर, हलवू नको.” ती म्हणाली, “दाबून धरलं की पळतीय ती.” “पळण्यासाठीच हाय गं ती.” “मग मला कावून सांगतोस, तिला सांग.” दत्ता पुण्याला गेला आणि ही रोज सकाळी भाकरी झाल्या की बसायला लागली. आमचा शेजारी इसाकभाई, पूर्वी माझ्याच ट्रकवर क्लीनर होता, तो दारातून बघून म्हणायचा, “काय बे, भाभी ड्रायव्हर झाली, आता तू क्लीनर. काच पुस.” शेवंता मान न वळवता म्हणायची, “भाऊजी, साईड द्या.”

गेममध्ये कुठल्यातरी परदेशातला घाट होता. एका बाजूला डोंगर, एका बाजूला पाणी, मध्ये झाडंच झाडं. प्रत्येक वळणाला तिनं नाव ठेवलं होतं. सगळ्यात अवघड वळण, ते आमच्या इकडच्या घाटावरून मांजरसुंब्याचं. मी मागं खाटेवर बसून बघायचो आणि मला ते बघवायचं नाही. कॉम्प्युटर जुना. मोकळ्या रस्त्यावर ठीक, पण झाडं दाट झाली, पाणी दिसायला लागलं, दुसऱ्या गाड्या आल्या की चित्र अडकायचं. गाडी चालायची नाही, उडी मारायची. इथं होती, मग एकदम तिथं. मी तिला सांगायचो, अगं ही गाडी न्हाई, बेडूक हाय. आणि त्या गाडीचं घड्याळही खोटं होतं. झाडीत शिरली की सगळंच संथ व्हायचं, जणू गाडी पाण्यातून चाललीय. पडद्यावरचं घड्याळ म्हणायचं की चक्कर झटक्यात झाली, आणि तेवढ्या वेळात माझा चहा उकळून अर्धा झालेला असायचा. रस्त्यावरचा माणूस मी. घड्याळ आणि चाक यांचा मेळ नसेल तर मला बसल्या जागी कसंतरी होतं.

शेवंताला मात्र ते मानवलं. तिनं ओळखलं होतं की चित्र उशिरा येतं, म्हणून ती वळण दिसायच्या आधीच स्टेरिंग फिरवायची. आंधळ्यासारखी. आणि पुढचं चित्र यायचं तेव्हा गाडी बरोबर वळलेली असायची. काही महिन्यांत गाडी भिंतीला लागायची बंद झाली. सरळ रस्त्यावर तर अशी सरळ जायची की मलाही नवल वाटायचं, कारण मी मागून तिचा हात बघत होतो. हात हलत होता. स्टेरिंगवर बोटं थरथर करत होती, आणि पडद्यावर गाडी मात्र दोरी लावल्यासारखी.

मग दत्ताचा फोन आला की सुनेला, अश्विनीला, दिवस गेलेत. शेवंतानं पोराला काय सांगितलं असेल तर, “कुंची मी शिवणार. इकत आणायची न्हाई.” आमच्याकडं बारशाला कुंची आजीनं न्यायची असते. कुणी इकतही घेतं आता, कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण हिनं अर्ध्या गावाच्या नातवंडांच्या कुंच्या शिवलेल्या. बीडला जाऊन हिरवा खण आणला, लाल किनारीचा. मी म्हटलं, आता हाताचं काय? ती म्हणाली, “बरा होतोय की. बघता न्हाई का तुमी रोज? मांजरसुंबा न लागता काढतीय मी.” मग तिनंच ठरवलं. पूर्ण घाट एकदाही न धडकता झाला की दुसऱ्या दिवशी खण कापायचा. कापड एकदा कापलं की माघारी येत नाही, म्हणून आधी हाताची परीक्षा.

मला तेव्हाच विचित्र वाटत होतं. चहाची बशी तशीच वाजत होती. एकदा म्हटलंही, तर म्हणाली, “चहा गरम असतो, म्हणून हात भितो.” तिचा चेहरा बघून कोण बोलेल? सकाळी केस विंचरून, कुंकू लावून बसायची त्या स्टेरिंगवर, नोकरीला निघाल्यासारखी. गोळ्या वेळेवर घ्यायची. शेजारणींना सांगायची, हात सुधरला, दिवाळीनंतर शिवायला घेते. एक-दोघींनी ब्लाऊज पीस आणूनही ठेवले. आणि दिवाळीच्या तोंडावर तिनं तो घाट काढला. पूर्ण. एकही धक्का नाही. इसाकभाईला बोलावून साखर दिली. म्हणाली, “दत्ता येऊन जाऊ दे, पाडव्याला कापते.”

दत्ता आला. अश्विनी माहेरी, कड्याला होती, म्हणून एकटाच. आल्या आल्या आईनं त्याला ओढत पडद्यापुढं नेलं, बघ म्हणाली. त्यानं बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं. “माय, एवढं अडकतंय? आन् तू असं खेळती व्हय इतके महिने?” त्याला लाज वाटली असणार की आपण आईला मोडकं दिलं. दुसऱ्या दिवशी बीडला जाऊन कसलंसं ग्राफिक कार्ड घेऊन आला. डबा उघडला, आतली धूळ फुंकली, जुनं काढलं, नवं बसवलं. चालू केलं आणि खरंच सांगतो, मीही उठून उभा राहिलो. पाणी हलत होतं. झाडाची पानं वेगळी वेगळी दिसत होती. दत्तानं एक चक्कर मारली, गाडी लोण्यातून गेल्यासारखी. खुशीत म्हणाला, “बस माय. आता बघ कसं पळतंय.”

ती बसली. गाडी निघाली आणि पहिल्याच सरळ रस्त्यावर वळवळायला लागली. डावी उजवी, डावी उजवी, बारीक बारीक, जशी तिची बोटं. वेगही वेगळा, कारण पाण्यातून चालणं संपलं होतं. मांजरसुंबा यायच्या आधीच तिनं सवयीनं स्टेरिंग फिरवलं आणि गाडी डोंगराला. पुन्हा घेतली. पुन्हा वळवळ. तिसऱ्यांदा पाण्यात. ती थांबली. उजवा हात काढून मांडीवर ठेवला, वर डावा हात दाबून धरला, आणि हळूच म्हणाली, “काल तर बरा होता गं बाई हा...”

दत्ता म्हणाला, “सवय न्हाई माय तुला, व्हईल.” पण त्याच्या आवाजावरून मला कळलं की त्याला काहीतरी समजलंय. मी त्याला ओढून अंगणात नेलं. काय केलंस म्हणून विचारलं. तो खाली बघत सांगायला लागला. म्हणाला, दादा, पडद्यावर काही हलत नसतं, एकामागं एक फोटो येतात. सेकंदाला साठ आले की आपल्याला वाटतं गाडी चाललीय. जुन्या कार्डावर झाडीत पाच-सहाच येत होते. आणि हा गेम जुना आहे, याचं घड्याळही फोटोवर चालतं. फोटो कमी, तर वेळही हळू. “आन् हाताचं?” मी विचारलं. “हातबी गेम फोटोगणिकच बघतो, दादा. दोन फोटोंच्या मधी मायचा हात कितींदा हलला ते त्याला कळतच न्हाई. मधलं तो आपल्या अंदाजानं सरळ भरून टाकतो. आता साठ वेळा बघतोय... म्हणून समदं दिसतंय.”

मी ओरडलो त्याच्यावर. कावून हात लावलास, कुणी सांगितलं होतं तुला, काढ ते, आत्ता काढ. तो म्हणाला, “मला काय ठावं दादा, ती त्याच्यावर हात पारखतीय म्हणून. तुमी तरी सांगायचं.” “मला तरी कुठं ठावं होतं?” असं आमचं चाललं होतं, आणि आतून तिचा आवाज आला, “मोठ्यानं बोला दोघं, म्हंजे मलाबी कळंल.”

दत्तानं आत जाऊन तिच्यापुढं उकिडवं बसून सगळं परत सांगितलं. मला वाटलं रडेल. ती ऐकून म्हणाली, “म्हंजे लांब टाका. लांब टाक्यात वाकडं लपतंय, बारीक टाक्यात दिसतंय.” दत्ता म्हणाला, “व्हय माय. तसंच.” मग तोच म्हणाला, “पहिल्यासारखं करून देतो. कार्ड न काढताबी व्हतंय, फोटो कमी करायचे नुसते.” मी म्हटलं, कर. कर, आणि परत त्याला हात लावू नको. त्यानं केलं. पडदा पुन्हा अडकायला लागला, पाणी थिजलं. ती बसली, घाटाला लागली, आणि गाडी पहिल्यासारखी सरळ. मांजरसुंबाही निघाला. मी मनात म्हटलं, सुटलो. तिनं अर्ध्यातच पाय काढला आणि उठली.

“गाडी चांगली हाय,” म्हणाली. “हात तसाच हाय.”

परत ती त्या स्टेरिंगवर बसली नाही. पाडव्याला खण कापला नाही. दत्ता पुण्याला जाताना पाया पडला, तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मी त्याला बसपर्यंत सोडायला गेलो नाही. माणसानं बरं करायला जावं आणि असं व्हावं, यात चूक कुणाची... पण मला कुणावर तरी चिडायचं होतं आणि समोर तोच होता. मला एकच वाटत होतं: आठ दिवस उशिरा आला असता तर हिनं खण कापला असता. मग कधी वाटायचं, कापला असता आणि वाकडा गेला असता, ती भोकं पडलेली चिंधी हातात घेऊन बसली असती, ते बरं झालं असतं का? रोज उलटसुलट. ती मात्र ओट्यावर बसायची, उजवा हात मांडीखाली घालून, आल्या-गेल्याशी बोलायची. ब्लाऊज पीस परत पाठवून दिले.

थंडी पडल्यावर एका सकाळी तिनं ते स्टेरिंग सैल करायला लावलं, पडदा उचलायला लावला, मशीन वर काढायला लावली आणि म्हणाली, “बसा.”

“कोण, मी?”

“मग काय इसाकभाई बसंल?”

मी म्हटलं, अगं, मला सुईत दोरा घालता येत न्हाई. ती म्हणाली, “ट्रक पैल्या दिवशी येत होता का?” बसलो. पाय ठेवला आणि मशीन उलटी फिरली, दोरा तुटला. इसाकभाई दारात येऊन उभा राहिला आणि माझ्या तोंडाकडं बघून, न बोलता, परत गेला. आधी जुन्या पोत्याच्या पट्ट्यांवर शिकवलं तिनं. जवळ स्टूल घेऊन बसायची आणि ड्रायव्हरच्या भाषेत सांगायची, मला कळावं म्हणून. “पहिल्या गेरात चला. कापड वढू नका, ते आपआपलं जातंय, तुमी नुसती वाट दावा.” मी विचारलं, ब्रेक कुठं हाय? “हात ठिवा त्या चाकावर, तेच ब्रेक.” मी हळू शिवायचो. उसाचा भरलेला ट्रक चढावर जातो तसा. ती कंटाळायची, शिव्या द्यायची, आणि मला बरं वाटायचं, कारण शिव्या देत होती.

खण कापायची वेळ आली. तिला रेघ ओढता येत नव्हती. तिनं खणाला घडी घातली आणि तळहातानं दाबत नेली. दाबला की हात जरा कमी हलायचा. “ह्या घडीवरून कापा. घडी हालत न्हाई.” कापलं.

एक बाजू सोडून बाकी सरळ टिपा मी घातल्या. मानेपाशी कुंचीला चुण्या येतात आणि तिथं गोल वळावं लागतं, ते मला जमेना. दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा ती चिडून उठली, माझ्या मागं उभी राहिली आणि माझ्या हातावर हात ठेवला. “चला,” म्हणाली. तिचा हात हलत होता, म्हणून माझाही हलायला लागला, आणि मी पाय थांबवला. “थांबू नका, चालू द्या,” ती म्हणाली. तिचा हात वळणाच्या आधीच वळत होता, मी आपला मागं मागं. वीतभर टीप झाली. नागमोडी. तिनं चष्मा लावला, कापड उजेडाला धरलं. मी वाट बघत होतो, काय म्हणते. “हे न्हाई चालायचं,” म्हणाली. “उद्या उसवू.”

दुसऱ्या दिवशी ताप आला. मग छाती भरली, मग बीड. पुढचं सांगितलंच आहे.

तेरावं झालं. दत्ता घरात होता, पण माझ्याशी कामापुरतं बोलायचा. एकदाच, भिंतीकडं बघत म्हणाला, “दादा, मी ते कार्ड बसवलं नसतं तर ती निदान खुशीत...” तिचं दुखणं छातीचं होतं, कार्डाचं नव्हतं, हे मला कळतं, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण तो विचारत होता ते हे नव्हतं. तो त्यानंतर कड्याला बायकोकडं गेला आणि मी अर्धी राहिलेली बाजू शिवून कुंची पुरी केली. मानेपाशी आलो तेव्हा ब्लेड हातात घेतलं होतं. उसवायला तिनंच सांगितलं होतं... शिवणाऱ्या बाईचा शब्द होता तो. ब्लेड परत ठेवलं.

कड्याला मुलगी झाली. बारसं साधंच ठेवलं, आमच्या घरात दुःख म्हणून. मी कुंची घेऊन गेलो. आमच्या विहीणबाई चांगल्या आहेत, कामसू आहेत, बोलायला सरळ. त्यांनी कुंची उलगडली, खणाचं कौतुक केलं आणि बोट मानेपाशी थांबलं. “भाऊ, ही टीप लई वाकडी गेली बगा. आमच्या शेजारीच शिंपी हाय, उसवून नीट करून आणू का? पाच मिनिटांचं काम.”

मी काही बोलायच्या आत दत्ता सासूला म्हणाला, “न्हाई मामी. ऱ्हाऊ द्या.”

“अरे पण लोकं बघतील, नावं ठिवतील.”

मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, “तिनंबी उसवायलाच सांगितलं होतं. तिचा हात होता तिथं, माझ्या हातावर. तिला पसंत न्हाई पडलं.” विहीणबाई माझ्याकडं बघायला लागल्या, मग दत्ताकडं. आता काय करायचं हे त्यांना कुणी सांगेना. दत्तानं कुंची त्यांच्या हातातून घेतली, जवळ धरली आणि त्या वीतभर टिपेवरून अंगठा फिरवत गेला, हळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. “दादा,” म्हणाला, “कार्ड बसवलं त्या दिवशी पडद्यावर गाडी अशीच गेलती. हुबेहूब.” एवढं बोलून तो माझ्या शेजारी येऊन बसला. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

विहीणबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि लगेच कामाला लागल्या, बायका खोळंबल्या होत्या. “उसवलं तरी सुईची भोकं ऱ्हातीलच म्हणा,” त्या म्हणाल्या, आणि पोरीला कुंची घालून नाडी बांधली. पाळण्यात घालायच्या आधी त्यांनी ती दत्ताच्या हातात दिली. त्यानं एक हात बुडाखाली घेतला, दुसरा मानेखाली, बरोबर त्या टिपेवर. बायका म्हणाल्या, दे आता इकडं, तुझा हात अवघडला असेल. तो म्हणाला, थांबा जरा. पोरीला अजून मान धरता येत नव्हती, त्यामुळं त्याला हात काढताच येत नव्हता.